डोंगराळ रस्त्यावर चौघांची सायकल सहल: ४४ ची चकती चढेल का?

चढउतार: चार मित्रांची एका दिवसाची सहल ठरतेय. अंतर ४८ किमी, एकूण चढाई ९०० मीटर. मधे ५ किमीचा सलग चढ आहे, सरासरी ८ टक्के. एक रोड बाइक (पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८), दोन एमटीबी (जाड टायरच्या डोंगरी सायकली) आणि एक हायब्रिड (दोन्हींच्या मधली). हायब्रिडला पुढे एकच ४४ दातांची चकती, मागे सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच). चालवणारा ७५ किलोचा, सवय बेताची. तो वर पोहोचेल का? आणि उतारावर काय सांभाळायचं?

तेलकट_साखळी: आहे त्या गिअरवर नाही. ४४ भागिले २८ म्हणजे १.५७, पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तितके फेरे फिरतं. हायब्रिडच्या ७०० मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर, म्हणजे मिनिटाला ६० पायडल मारले तर वेग १२ किमीच्या वर जातो. सायकल आणि सामान धरून ९० किलो वजन ८ टक्के चढावर त्या वेगाने न्यायला अंदाजे २६० वॉट लागतात, तेही २५ मिनिटं सलग. बेताच्या सवयीच्या माणसाचं हे काम नव्हे. वेग कमी केला तर पायडल ४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो.

मागे १४-३४ फ्रीव्हील टाका: त्याच ६० पायडलना १० किमी वेग, २१५ वॉट. पुढची चकतीही ३४ ची केली तर गुणोत्तर १:१ होऊन वेग पावणेआठ किमी, १६५ वॉट. हे जमण्यासारखं आहे. फक्त स्वस्त क्रँकवर (पायडल ज्याला लागतात तो दांडा) चकती रिव्हेट ठोकून पक्की केलेली असते, सुटी निघत नाही. मग अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. डीरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) ३४ दातांपर्यंत चालतो का ते आधी बघा. चेनची लांबी मोजताना ती डीरेल्युअरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळायची, आणि जिथे टोकं भिडतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुनी चेन तोकडी पडली आणि चुकून मोठ्या-मोठ्यावर गिअर पडला, तर डीरेल्युअर किंवा तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटतो.

खोगीर: वरच्याला +१. त्यात एक भर: नवीन फ्रीव्हील बसवल्यावर L लिमिट स्क्रू (डीरेल्युअर स्पोककडे कुठवर सरकेल ते ठरवणारा) तपासल्याशिवाय निघू नका. सायकल स्टँडवर घ्या, सर्वांत मोठ्या दातांवर चेन आणा आणि पायडल हळू फिरवत डीरेल्युअर हाताने आत ढकला. चेन स्पोककडे उतरू पाहत असेल तर स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा. हा बिघाड सपाटीवर कळतच नाही, कारण तो गिअर तिथे लागत नाही. ऐन चढावर, पूर्ण जोर असताना चेन स्पोकमध्ये जाते आणि सहल तिथेच संपते.

चढ लागायच्या आधी गिअर हलका करा. जोर लावलेल्या चेनवर गिअर पडायला उशीर होतो आणि खडखडाट वेगळाच.

मागचा_ब्रेक: सगळे चढाबद्दल बोलताहेत, पण पडतात लोक उतारावर. ब्रेक सतत घासत उतरू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. हायड्रॉलिक डिस्कमध्ये (तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक) तेल उकळलं तर लिव्हर हँडलला टेकते. केबलच्या डिस्कमध्ये पॅड झिजत जातं तसा लिव्हर लांब ओढावा लागतो, कारण ते आपोआप पुढे सरकत नाही. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, परत दाबा. मधल्या मोकळ्या वेळात ब्रेक थंड होतात.

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. बाहेरचा पायडल खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. बारीक खडी दिसली तर पुढचा ब्रेक सोडून द्या.

दोघांमधलं अंतर सेकंदात मोजा. ४० किमी वेगाला दोन सेकंद म्हणजे २२ मीटर. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून उतरणं हा निव्वळ मूर्खपणा.

चढउतार: धन्यवाद. फ्रीव्हील आणि क्रँक दोन्ही बदलतो. चौघांनी चढावर एकत्र राहायचं का?

खोगीर: नाही. त्या वेगाला पुढच्याच्या आडोशाचा फायदा नगण्य, आणि दुसऱ्याच्या गतीने चढणारा लवकर दमतो. प्रत्येकाने आपापल्या गतीने जावं, माथ्यावर आणि प्रत्येक फाट्यावर थांबावं. पंप, टायर लिव्हर आणि चेन टूल सर्वांत मागच्याकडे द्या. पुढच्याकडे असले तर पंक्चर झालेला हाका मारत बसतो. तिन्ही प्रकारच्या सायकलींच्या ट्यूब वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकाची ट्यूब त्याच्याचकडे. व्हॉल्व्हही बघून घ्या, बारीक आणि जाड दोन्ही असतील तर पंपाचं तोंड दोन्हींना बसलं पाहिजे. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो तिथेच राहिला तर पुढच्या किलोमीटरला परत पंक्चर.

तेलकट_साखळी: वेळेचा हिशेब: रमतगमत चढणारा तासाला ४०० मीटर उंची गाठतो असं धरा. ९०० मीटरला सव्वादोन तास नुसते चढाचे. माथ्यावर घाम असताना लगेच उतरलात तर हुडहुडी भरते आणि बोटं ब्रेकवर आखडतात. एक पातळ विंडचीटर जर्सीच्या मागच्या खिशात मावतं.