सात उद्गार, सात वक्ते, तीन तास: उत्तम शुक्रवारची उपासना अशीच ठेवायची का?

वाचकपीठ (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. कॅम्पपासून खडकी-पिंपरीपर्यंत पुण्यातल्या कितीतरी मराठी मंडळ्यांत उत्तम शुक्रवारचा (गुड फ्रायडेचा, येशूला वधस्तंभावर खिळल्याच्या दिवसाचा) साचा ठरलेला आहे. दुपारी बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि प्रत्येक उद्गाराला वेगळा वक्ता. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) लागला की पहिला प्रश्न असतो, "चौथा शब्द कोणाकडे?" माझं मत असं की सात वक्त्यांची पद्धत आता थांबवावी. तीन तास कमी करा असं मी म्हणत नाही. त्या तीन तासांतून हरवलेलं शास्त्रवाचन आणि शांतता परत आणा, एवढंच मागणं आहे.

हिशोब मांडून बघा. एकूण 180 मिनिटं. सुरुवातीचं पाचारण आणि प्रार्थना 5. उरलेल्या 175 चे सात भाग केले की एका उद्गाराला 25 मिनिटं येतात. वाचन 1, गीत 4, मनन 12, शांतता 3, प्रार्थना 3, आणि जागेवरून उठून येणं, माईक वरखाली करणं यात 2. कागदावर चोख बसतं. प्रत्यक्षात पहिला वक्ता 20 मिनिटं घेतो, कारण तो येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेपासून सुरू करतो. दुसराही तिथूनच सुरू करतो, कारण त्याने तयारी एकट्याने केलेली असते. चौथ्या उद्गारापर्यंत अर्धा तास उशीर झालेला असतो. मग संचालक कात्री हातात घेतो. आधी शांतता जाते, मग गीताची कडवी, मग प्रार्थना. भाषण कोणीच कापत नाही. 'पूर्ण झाले आहे' हा सहावा उद्गार तीन वाजून गेल्यावर येतो, आणि सातवा पिशव्या आवरण्याच्या आवाजात संपतो.

माझा प्रस्ताव: योहानाच्या शुभवर्तमानाचे 18 आणि 19 हे दोन अध्याय पूर्ण वाचावेत. 40 आणि 42, एकूण 82 वचनं. निवेदक, येशू, इतर व्यक्ती आणि जमाव असे चार आवाज ठेवले तर 18 ते 20 मिनिटं लागतात. तीन तुकडे करावेत: बाग आणि मुख्य याजक हन्ना-कय्यफा, मग रोमी सुभेदार पिलातासमोरची चौकशी, मग गुलगुथा, म्हणजे खिळण्याची जागा. प्रत्येक तुकड्यानंतर एकाच वक्त्याचं दहा मिनिटांचं मनन आणि घड्याळ लावून पाच मिनिटांची शांतता. मधल्या वेळात गीतं आणि सावकाश मध्यस्थीच्या प्रार्थना. वाचकांची तालीम मात्र दोनदा हवी. गब्बाथा, क्लोपा, निकदेम, अरिमथाईकर योसेफ ही नावं पहिल्याच वेळी वाचणारा अडखळतो आणि ऐकणाऱ्याचं ध्यान तुटतं.

थोरली_बाकडी

दादा, रोग तुम्ही बरोबर ओळखलात, औषध चुकलं.

सात वक्ते म्हणजे वर्षातला तो एकच दिवस जेव्हा व्यासपीठ पाळकसाहेबांच्या हातून मंडळीच्या हाती येतं. महिला मंडळातली एखादी बहीण, तरुण संघातला कोणी, निवृत्त शिक्षक, शेजारच्या मंडळीचे पाळक. तिसरा उद्गार, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा', बहुतेक ठिकाणी बहिणींकडेच येतो. त्यांना एरवी कितीदा बोलायला मिळतं? तुमच्या प्रस्तावात पुन्हा एकच वक्ता उरला.

आणि फक्त योहान वाचलात तर काय जातं ते पाहा. तहान, आईला दिलेला मुलगा आणि 'पूर्ण झाले आहे' हे तीन योहानाचे. क्षमेचा उद्गार, चोराला दिलेलं वचन आणि 'हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो' हे तीन लूकचे. आणि 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हा चौथा उद्गार मत्तय-मार्कचा. म्हणजे तुम्ही सातांतले चार उद्गार काढून टाकताय. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, ते घर त्या दुपारी नेमका चौथा उद्गार ऐकायला येतं. त्यांना काय सांगणार, यंदा योहान आहे म्हणून?

उपासनाशास्त्र_विद्यार्थी

दोघांच्याही बोलण्यात थोडी इतिहासाची भर घालतो.

तीन तासांची ही उपासना आपल्याला प्रोटेस्टंट वारसा वाटते, पण तिचा उगम 17व्या शतकाच्या अखेरीस पेरूमधल्या लिमा शहरात येशूसंघीय (जेझुइट) कॅथोलिक धर्मगुरूंकडे आहे. तिथून ती युरोपात गेली आणि 19व्या शतकात अँग्लिकन मंडळ्यांनी उचलली. याउलट योहानाचं दुःखसहन, म्हणजे अटकेपासून पुरण्यापर्यंतचा वृत्तांत, पूर्ण वाचण्याची पद्धत फार जुनी. कॅथोलिक देवळांत आजही उत्तम शुक्रवारी यशया 52:13 ते 53:12, मग इब्री, मग योहान 18-19, त्यानंतर दहा मध्यस्थीच्या प्रार्थना, क्रुसाचं वंदन आणि आदल्या दिवशी अभिषेकिलेल्या भाकरीतून प्रभुभोजन असा क्रम असतो. सात उद्गारांची सलग माळ मात्र कोणत्याही एका शुभवर्तमानात नाही. मार्क वाचणाऱ्याला वधस्तंभावरून येशूचा एकच उद्गार ऐकू येतो, आणि त्यानंतर फक्त मोठी आरोळी. ते एकटेपण सातांच्या माळेत विरून जातं.

वेळेचंही तेच. मार्क 15:25 प्रमाणे येशूला तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास खिळलं, आणि सहाव्या ते नवव्या तासापर्यंत अंधार पडला. म्हणजे आपले बारा ते तीन हे अंधाराचे तास आहेत. योहान 19:14 मध्ये तर सहाव्या तासाच्या सुमारास येशू अजून पिलातासमोरच आहे. म्हणून 'सहावा उद्गार बरोबर अमुक वाजता' असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

धागाकर्त्यांच्या प्रस्तावात मला एक खरी अडचण दिसते, तिच्याकडे लक्ष द्यावं. योहान 18-19 मध्ये 'यहूदी' हा शब्द पुन:पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा तो यरुशलेमेतल्या पुढाऱ्यांबद्दल असतो. स्पष्टीकरण न देता हे मोठ्याने वाचलं आणि जमावाचा आवाज मंडळीला दिला, तर ऐकणारं मूल एका अख्ख्या समाजाला दोषी ठरवून घरी जातं. आपल्या कॅम्पातल्या देवळांपासून लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूनने बांधवलेलं सिनेगॉग, काही मिनिटांच्या अंतरावर आहे. शेजाऱ्याबद्दल बोलतोय हे भान हवं. 1965 साली कॅथोलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने असा सामूहिक दोष लावू नये असं स्पष्ट म्हटलं. वाचनाआधी दोन वाक्यांची सूचना पुरते: येशू, त्याची आई आणि सगळे शिष्य यहूदीच होते, आणि इथला विरोध काही पुढाऱ्यांचा आहे.

वक्त्यांसाठी आणखी एक. सहाव्या उद्गारावर दरवर्षी सांगितलं जातं की 'तेतेलेस्ताइ' हा ग्रीक शब्द कर्जाच्या पावतीवर 'पूर्ण फेडले' म्हणून लिहीत. हे सोडून द्या. पपायरसवर सापडलेल्या जकातीच्या पावत्यांवर 'तेतेल' असा संक्षेप आहे, पण तो 'जकात भरली' या निराळ्या क्रियापदाचा. योहान 19:28 मध्ये, दोनच वचनं आधी, 'सर्व पूर्ण झाले आहे हे जाणून' असं आलेलंच आहे. उद्गाराचा अर्थ तिथेच हाताशी आहे, त्यासाठी पावती लागत नाही.

पिंपरीकर

मी वेगळंच म्हणतो. तीन तासच जास्त आहेत. उत्तम शुक्रवार 20 मार्चपासून 23 एप्रिलपर्यंत कुठेही येतो. 2024 ला 29 मार्च होता, 2025 ला 18 एप्रिल. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छताखाली, उपाशीपोटी, दुपारी दोन वाजता मधुमेहाचा माणूस काय ऐकणार? शिवाय काही इमारतींत एकापाठोपाठ इंग्रजी, हिंदी, तमिळ उपासना असतात, सगळ्यांना हीच दुपार हवी असते. दीड तासात नीट करा.

थोरली_बाकडी

@पिंपरीकर, अडचण खरी आहे, पण ती तास कापून सुटत नाही. ही उपासना पूर्वीपासून ये-जा करण्याजोगीच आहे. एक उद्गार संपून गीत सुरू झालं की उठता येतं, आत येता येतं. एवढं मंडळीला आधीच्या रविवारी जाहीर सांगा. बाजूच्या दारापाशी पाण्याचा पिंप आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवा. औषधं चालू असणाऱ्यांनी उपास धरू नये हे पाळकसाहेबांनी स्वतः व्यासपीठावरून सांगावं. दुसऱ्या कोणी सांगितलं की वडीलधारी माणसं ऐकत नाहीत. आणि ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेच्या खुर्च्या राखून ठेवा, पुढच्या नाहीत. पुढून उठून जायला माणसाला संकोच वाटतो.

पेटीवाला_खडकी

गीतांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. उशीर झाला की पहिला बळी कडव्यांचा जातो, हे धागाकर्ता म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण कडवी कशी कापली जातात तेही पाहा. 'पहिलं आणि शेवटचं घ्या' अशी खूण येते. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली दुःखसहनाची पदं पायरीपायरीने चढणारी आहेत. मधली कडवी गाळली की बागेतून थेट कबरेत पोहोचतो. त्यापेक्षा अख्खं गीत गाळा, किंवा आधीच दोन कडव्यांचं पद निवडा.

स्वराचंही बघा. पहिल्या पदाला काळी दोनची पट्टी चालते. पाचव्या उद्गारापर्यंत गळे कोरडे पडलेले असतात, तार सप्तकातला गंधार कोणालाच लागत नाही, मग पुरुष खालच्या सप्तकात उतरतात आणि बायका एकट्या पडतात. तिसऱ्या उद्गारानंतर पांढरी एकवर, म्हणजे खालच्या पट्टीवर या. मंडळी पुन्हा एकत्र गाऊ लागते. तबला-ढोलक त्या दिवशी नकोच, आणि पेटीचा भाताही हलका. चौथ्या उद्गारानंतर तर वाद्यच नको, एकाने ओळ सांगावी आणि सगळ्यांनी ती म्हणावी.

सात वक्ते की एक, या वादात मी सातांच्या बाजूचा. पण वक्त्याने गीत स्वतः निवडू नये. सातांपैकी तिघे एकच गीत सांगतात आणि ते उपासना सुरू असताना कळतं.

वाचकपीठ (धागाकर्ता)

थोरल्या ताईंचा मुद्दा मला टोचला, आणि टोचायलाच हवा होता. व्यासपीठ मंडळीकडे येण्याचा दिवस हिरावून घ्यायचा माझा हेतू नाही. पण माझ्या क्रमात चार वाचक आहेत, मध्यस्थीच्या प्रार्थना करणारे सहा-सात आहेत. बोलणं म्हणजे भाषणच, असं आपण का धरतो? एखाद्या बहिणीने तालीम करून, मंडळीकडे बघत पिलाताचे प्रश्न वाचले तर ती सेवा बारा मिनिटांच्या मननापेक्षा कमी नाही.

उरलेल्या चार उद्गारांबद्दल: ज्या मंडळ्या तीन वर्षांचं वाचनचक्र पाळतात त्यांच्याकडे झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मत्तय, मार्क किंवा लूक यांचं दुःखसहन आळीपाळीने येतं. 2026 मत्तयचं, 2027 मार्कचं. तो रविवार नीट पाळला तर चौथा उद्गार हरवत नाही.

थोरली_बाकडी

झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक असते, मुलांची गाणी असतात, झावळ्यांचे क्रूस विणून वाटायचे असतात. त्या गडबडीत मत्तयचे दोन लांबलचक अध्याय कोण ऐकणार? कागदावरचं चक्र आणि आपला रविवार यांत फरक आहे. आणि चौथा उद्गार शुक्रवारी दुपारी ऐकणं वेगळं, होसान्नाच्या दिवशी ऐकणं वेगळं.

सात वक्ते ठेवूनही वेळ पाळता येते, फक्त त्यासाठी कमिटीने लाजू नये. शुक्रवारच्या तीन आठवडे आधी सातही वक्त्यांना एकत्र बसवा. प्रत्येकाला वाटा लेखी द्या, आणि काय बोलायचं नाही तेही लेखी द्या. बाग आणि चौकशी कोणीच सांगायची नाही, ती सुरुवातीला वाचून होईल. स्तोत्र 22 चौथ्याने घ्यायचं, स्तोत्र 69 पाचव्याने, स्तोत्र 31 सातव्याने, इतरांनी हात लावायचा नाही. मनन लिहून आणायचं, साधारण 1200 शब्द. सावकाश वाचलं की बारा मिनिटं भरतात. दहाव्या मिनिटाला पहिल्या बाकड्यावरचा माणूस उभा राहील, बाराव्याला पेटीवर सूर धरला जाईल. हे सगळ्यांसमोर ठरलेलं असलं की कोणाचा अपमान होत नाही. ऐनवेळी चिठ्ठी पाठवली की होतो.

उपासनाशास्त्र_विद्यार्थी

मग दोन्ही का नाही? बारा वाजता योहान 18 पासून 19:16 पर्यंत चार आवाजांत वाचा, साधारण 14 मिनिटं. यहूदी पुढाऱ्यांविषयीची सूचना त्याच्या आधी. मग सात उद्गार, प्रत्येकी 22 मिनिटं, 154. शेवटी योहान 19:38-42, पुरण्याचा भाग, एकाच आवाजात, आणि आशीर्वाद न देता सगळे गप्प बाहेर. एकूण 175 च्या आत बसतं. वक्त्याला 12 ऐवजी 9 मिनिटं मिळतील.

थोरली_बाकडी

नऊ चालतील. शांततेची तीन मात्र तशीच राहू द्या.

वाचकपीठ (धागाकर्ता)

नऊ मिनिटं खरंच पाळली गेली तर मी सात वक्त्यांना विरोध करणार नाही. नाही पाळली तर पुढच्या लेंटला हाच मुद्दा पुन्हा कमिटीपुढे ठेवीन.

पेटीवाला_खडकी

एक राहिलं. काही ठिकाणी सात मेणबत्त्या लावून प्रत्येक उद्गारानंतर एक विझवतात. पंख्यामुळे दुसऱ्याच उद्गाराला चार विझलेल्या असतात आणि मुलं हसतात. पंखे बंद करणं एप्रिलमध्ये शक्य नाही. काचेच्या उभ्या चिमण्या घ्या, वात वरच्या कडेपासून निदान चार बोटं खाली राहील अशा उंचीच्या, आणि स्टँड पंख्याच्या थेट खाली ठेवू नका. फुंकून विझवू नका. धूर पहिल्या दोन बाकड्यांवर जातो, आणि मेण काचेवर उडतं. लांब दांडीची पितळी टोपी वातीवर ठेवून तीन आकडे मोजायचे, मग उचलायची. सातवी विझवताना मोजू नका, टोपी तशीच राहू द्या.