स्वतःच्या पैशानं केलेला पिक्चर थेटरात लावायचाय, फुटू नये म्हणून काय करू?

वडगावचा_माग
नमस्कार मंडळी. मी बेळगाव वडगावचा, घरी माग आहेत. गेली अडीच वर्षं आम्ही सहा मित्र मिळून एक मराठी पिक्चर करालोय, मागवाल्यांच्या घरातलीच गोष्ट, १०४ मिनिटांचा झालाय. पैसा सगळा आमचाच, एकानं पतसंस्थेतनं कर्ज काढलं, एकानं गाडी विकली. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलंय, बेळगाव आणि निपाणीत थेटरवाल्यांशी बोलणं चाललंय.

पण मागल्या महिन्यात असं झालं की रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, आम्ही सात जणांना ड्राइव्हची लिंक देऊन दाखवलेला, त्यातला अकरा मिनिटांचा तुकडा चुलत भावानं घरच्या ग्रुपवर टाकला, त्याला दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरनं आलेला. माझी आई कांडी भरत बसलीय तो सीन, म्युझिक अजून बसलेलं नाही, वरच्या कोपऱ्यात टाईमकोड, म्हणजे एडिटिंगचे वेळेचे आकडे, पळतोय आणि खाली कुणीतरी लिहिलंय 'फुल मूवी लवकरच'. आईनंच मला फोन पुढं करून दाखवला, तिला वाटलं आम्हीच टाकलाय, खूश होती. तिला काय सांगायचं कळेना झालं मला.

आता थेटरात मोबाईल जॅमर बसवला तर चालेल का? आणि मोठ्या पिक्चरवाल्यांची जी टेक्नॉलॉजी असते ती आमच्यासारख्यांना परवडते का?

रीळवाला_काका
बाळा, जॅमर पहिल्यांदा डोक्यातनं काढ. सरकारच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही, आणि लावलास तरी फोनचा सिग्नल तुटतो, कॅमेरा चालूच राहतोय की.

मी ३१ वर्षं प्रोजेक्टर चालवला. रिळाच्या काळात एकच प्रिंट दोन थेटरांत चालायची, इथं दोन रिळं संपली की पोरगं सायकलच्या कॅरियरला डबा बांधून खडेबाजारातनं सुटायचं. तेव्हासुद्धा चोरी होतीच आणि तेव्हासुद्धा उपाय होते, कोडॅकनं १९८२ साली एक युक्ती काढलेली, फ्रेमवर बारीक ठिपके, प्रत्येक प्रिंटचे वेगळे, म्हणजे कॅसेट बाजारात आली की कुठल्या प्रिंटवरनं उचलली ते कळायचं. इंग्लिश पिक्चरच्या प्रिंटवर ते ठिपके मी डोळ्यानं बघितलेत, उजेडाच्या सीनमधे क्षणभर दिसायचे आणि गेले.

आता पिक्चर डीसीपी म्हणून हार्ड डिस्कवर येतो, आत सगळं एईएस १२८ नावाच्या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद. किल्ली वेगळी येते, केडीएम म्हणतात तिला, काही केबीची फाईल, मेलवर नाहीतर पेनड्राइव्हवर. ती फक्त त्याच एका सर्व्हरला, म्हणजे केबिनमधल्या पिक्चर चालवायच्या मशीनला, लागते आणि तिला सुरू व्हायची न् संपायची वेळ ठरलेली असते, त्यामुळं नुसती डिस्क कुणी पळवून नेली तर त्याच्या हाताला काहीच लागत नाही. पण ही किल्ली आपल्यालाही रडवते. एकदा आमच्या सर्व्हरचं कार्ड बदललेलं, ते वर कळवायचं राहिलं, किल्ली जुन्या कार्डाच्या नावानं आली. रात्री पावणेदहा, हॉल भरलेला, पडदा काळा, खालनं शिट्ट्या, आणि मी केबिनमधे फोन कानाला लावून उभा. नवी किल्ली यायला पन्नास मिनिटं गेली. तू आदल्या दिवशीच किल्ली टाकून पाच मिनिटं चालवून बघ.

वॉटरमार्कचं सांगतो. डीसीआयच्या, म्हणजे हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून ठरवलेल्या, नियमातला सर्व्हर असेल तर पिक्चर चालू असतानाच तो चित्रात आणि आवाजात न दिसणारी, न ऐकू येणारी खूण घालत जातो, सर्व्हरचा नंबर आणि वेळ, वेळ दर १५ मिनिटांनी बदलते. कुणी मोबाईल तिरपा धरून शूट केलं तरी पाच मिनिटांच्या तुकड्यावरनं कुठलं थेटर, कुठला शो ते काढता येतं. चोरी त्यानं थांबत नाही हे मात्र ध्यानात ठेव, चोर कुठं बसलेला तेवढं कळतं. आणि सगळ्या सिंगल स्क्रीनला असला सर्व्हर नसतो, काहींना सॅटेलाईटवरनं येणारी दुसरी सिस्टिम आहे, तिथं त्या कंपनीमार्फतच पिक्चर द्यावा लागतोय. आधी जाऊन केबिन बघून ये.

एडिट_टेबल_कोल्हापूर
काकांचं सगळं बरोबर, पण भावा तुझा पिक्चर थेटरातनं फुटलाच नाही, तो तुझ्या लिंकवरनं फुटलाय. मोठ्यांचंही असंच होतं, २०१६ ला 'उडता पंजाब' रिलीजच्या दोन दिवस आधी नेटवर आला तो सेन्सॉरला दिलेल्या कॉपीचा होता, वर तसं लिहिलेलं दिसत होतं.

सात जणांना एकच फाईल द्यायची नाही, कधीच नाही. प्रत्येकाच्या कॉपीवर त्याचं नाव फिकट अक्षरात मधोमध, कोपऱ्यात नको, कोपरा कापून टाकतात. आणि दुसरी गोष्ट बिनपैशाची, मी स्वतः करतो. पिक्चरमधली तीन ठिकाणं धरायची, समजा गल्लीचा शॉट, दारावरची पाटी, चहाचा कप. प्रत्येक ठिकाणी शॉट एकतर आहे तेवढा नाहीतर दहा फ्रेम जास्त. तीन ठिकाणं, दोन प्रकार, म्हणजे आठ वेगळ्या कॉप्या झाल्या, तुझे सात जण त्यात बसले. कुणाची कुठली ते वहीत लिहून ठेव. क्वालिटी पाडली, कडा कापल्या, टीव्हीवरनं मोबाईलनं शूट केलं, तरी शॉटची लांबी तीच राहते. मात्र तुकडाच फुटला तर तीन ठिकाणं त्यात येतील असं नाही, म्हणून हाच प्रकार दर दहा मिनिटांत परत परत कर.

डीसीपीसाठी डीसीपी-ओ-मॅटिक वापर, फुकट आहे, कुलूप आणि केडीएम दोन्ही त्यातच होतं, थेटरकडनं फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या सर्व्हरची ओळख असलेली फाईल, मागून घे, किल्ली तिच्यावरनंच बनते.

निपाणीची_ताई
मी खरं लिहिते, मी टेलिग्रामवर मराठी पिक्चर बघितलेत. अभिमानानं सांगत नाही. पण मराठी पिक्चर आमच्याकडं आठवड्यानं येणार, आला तर सकाळी दहाचा एक शो, त्यावेळी आम्ही बायका कामावर, म्हणजे उरलं कोल्हापूर. निपाणीला ते जवळ तरी, बेळगाव खानापूरच्या माणसानं शंभरावर किलोमीटर जाऊन परत कधी यायचं? रविवारी संध्याकाळी सहाचा एक शो ठेवा, सासूबाईंना धरून आमच्या घरातनंच पाच तिकिटं होतील. कुलूप घाला जरूर, पण आम्हाला यायला दार कुठल्या वेळेला उघडं आहे ते पण बघा.

कोर्ट_रोड
कायद्याचं थोडक्यात. थेटरात रेकॉर्डिंग करणं, नुसता प्रयत्नसुद्धा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षं, दंड किमान ३ लाख आणि वर ऑडिट झालेल्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणून हिशोब ऑडिट करून ठेवा. तुमची लिंक फुटली ते प्रकरण १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचं, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणि करारपत्रं एका फाईलीत ठेवा. पूर्ण पिक्चर नेटवर आलाच तर माहिती-प्रसारण खात्यानं नोव्हेंबर २०२३ पासून नेमलेल्या नोडल ऑफिसरकडं अर्ज करा, त्यांच्या आदेशानंतर लिंक ४८ तासांत काढावी लागते.

कर्नाटकात २०१४ पासून गुंडा कायदाही, म्हणजे खटल्याआधीच माणसाला स्थानबद्ध करता येणारा कायदा, कॉपीराईट चोरांना लागतो, आणि महाराष्ट्रातल्या तसल्याच कायद्यात २००९ पासून व्हिडिओ पायरेट आहेत, म्हणजे चंदगडकडं पळून सुटका नाही. पण ते धंदा करणाऱ्यांसाठी. फॉरवर्ड करणाऱ्या पोराच्या मागं तो लावा म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वडगावचा_माग
काल रात्री एडिटवाल्या दादांचं वाचून तो तुकडा परत काढून बघितला. आईच्या सीनमधे ती शेवटी कांडी बाजूला ठेवते आणि दोरा दातानं तोडते. दुसऱ्या कटमधे आम्ही ते उडवलेलं! तुकड्यात ते आहे, म्हणजे हा पहिला कट, आणि तो सातातल्या तिघांनाच गेलेला. तिघंही जवळची माणसं. पोलिसात नाही जात, एकेकाच्या घरी जाऊन समोर बसून विचारणार आहे.

ताई, सहाच्या शोचं आजच बोललो, ते रविवारचं बघतो म्हणालेत. ठरलं की इथंच टाकतो. वकील साहेब, ऑडिटचं डोक्यातच नव्हतं, उद्याच जातो. काका, बेळगावच्या टेस्टला तुम्ही याल का? बुधवारी, शेवटचा शो सुटल्यावर.

रीळवाला_काका
येतो की. सर्व्हरचं सर्टिफिकेट मागताना कार्ड अलीकडं बदललंय काय ते तोंडानं विचार, मेलवर विसरतात. आणि आईला घेऊन ये, पाच मिनिटं चालवायचीच आहेत तर तिचाच सीन लावू.