पिळदार शरीराची नायिका लिहिताना खऱ्या आयुष्यातून किती घ्यायचं?

रेघोटी:
मी एक दीर्घकथा लिहितेय. नायिका पस्तिशीची, वजनं उचलणारी, खांदे दंड मांड्या सगळं कमावलेलं. माझ्या जिममधे एक ताई येतात त्यांना बघूनच ही कथा डोक्यात आली. पण लिहायला बसलं की नुसतं शरीराचंच वर्णन होत राहतं, शिरा अशा दिसतात न् पाठ तशी दिसते, बाई काही पानावर उभी राहत नाही. आणि दुसरं म्हणजे त्या ताईंचं किती घेतलं तर चालेल? ओळख आहे पण घसट नाही. त्यांना सांगायचं का आधी? अशा व्यक्तिरेखा कुणी लिहिल्या असतील किंवा स्वतः व्यायाम करत असाल तर प्लीज सांगा.

लोखंडवाली:
मी बरीच वर्षं वेटलिफ्टिंग करतेय म्हणून लिहिते. आधी एक ठरव, तुझी नायिका नेमकं काय करते? वेटलिफ्टिंग म्हणजे स्नॅच (वजनाचा बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, तो क्लीन, मग डोक्यावर), पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसून उठणं), बेंच (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं), आणि बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उचलायचं नसतंच, दिसायचं असतं. तिन्हींची शरीरं वेगळी, दिवस वेगळा, भीती वेगळी. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमधे ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलले, ८७ स्नॅच आणि ११५ क्लीन अँड जर्क, आणि रस्त्यात दिसली तर कितीजण मान वळवून बघतील सांग. ताकद आणि आकार एकच धरून चाललीस तर ज्याने कधी बार हातात घेतलाय तो वाचक पहिल्या पानावरच ओळखेल.

वर्णनाचं म्हणशील तर तू बाहेरून बघतेयस, म्हणून शिरा दिसतात. मला माझ्या शिरा दिसत नाहीत गं. मला काय कळतं तर तळहाताला घट्टे पडलेत आणि त्यातला एखादा फाटला की आंघोळीला साबण झोंबतो. क्लीन करताना बार गळपट्टीच्या हाडावर बसतो तिथे काळंनिळं होतं. डेडलिफ्टने नडग्या सोलवटतात. हुक ग्रिपमधे अंगठा बोटांखाली दाबून धरायचा असतो, सुरुवातीला डोळ्यांत पाणी येतं. शर्ट खांद्यात बसला तर कमरेत पिशवी होतो, जीन्स मांडीतून वर गेली तर कमरेला सैल. हे लिही. आणि ती दमते कधी, भूक कशी लागते, दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या कशा बोलतात तेही लिही, कारण दुखणं त्याच दिवशी नाही येत, पुढच्या एकदोन दिवसांत चढतं.

अनोळखी लोक येऊन परवानगी न घेता दंड दाबून बघतात, "पंजा लढवायचा का" विचारतात. त्या क्षणी ती काय करते यात तुझी व्यक्तिरेखा आहे.

जुनीपानं:
वरच्या प्रतिसादाला +१. माझा मुद्दा जरा वेगळा आहे. खरं आयुष्य म्हणजे फक्त ओळखीची माणसं नव्हेत, या क्षेत्राचा इतिहासच इतका नाट्यमय आहे की संघर्ष बाहेरून आणायची गरज नाही. मिस ऑलिंपिया ही महिलांची बॉडीबिल्डिंग स्पर्धा १९८० पासून. तेव्हापासून परीक्षकांचा एकच घोळ चाललाय, स्नायू किती म्हणजे फार? बेव्ह फ्रान्सिस पॉवरलिफ्टिंगमधून तिथे आली, तेव्हाच्या बाकीच्यांपेक्षा खूपच भरदार, तिला आकार कमी करायला लावला, मग १९९१ ला ती पुन्हा मोठी होऊन उतरली आणि दुसरी आली. २००५ च्या स्पर्धांसाठी तर बॉडीबिल्डिंगच्या महासंघाने महिला स्पर्धकांना स्नायू २० टक्क्यांनी कमी करा म्हणून सांगितलं! विचार करा, आयुष्य घालवून जे कमावलं ते एका पत्राने कमी करायचं. असं पत्र हातात घेऊन बसलेली बाई मला कुठल्याही शिरांच्या वर्णनापेक्षा जास्त दिसते. मला तर ही गोष्ट वाचून अजून राग येतो.

आणि वेटलिफ्टिंग महिलांसाठी ऑलिंपिकमधे आलं ते थेट २००० साली, सिडनीत. तिथेच कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्य मिळवलं. तुमची नायिका आज पस्तिशीची असेल तर ती तेव्हा लहान मुलगी होती, हे पकडा.

अर्धविराम:
त्या ताईंबद्दल. माझं मत, हावभाव घ्या, सवयी घ्या, पण दुखापत, घरचं, टॅटू, नोकरी यातलं काही नको. अशा शरीराची बाई आजूबाजूला एखादीच असते, त्यामुळे नाव बदललं तरी वाचणारा लगेच बोट दाखवतो, साध्या माणसाला लपवायला गर्दी असते यांना नसते. दोनतीन जणींचं मिसळून एक करा. आणि सांगाच त्यांना.

जुनीपानं:
सांगण्याबद्दल मी सहमत नाही. सांगितलं की लेखकाचा हात आखडतो, मग नायिका चुकत नाही, चिडत नाही, नुसती प्रेरणादायी होऊन बसते.

लोखंडवाली:
मला कुणी न विचारता कथेत घातलं तर मी त्या जिममधे परत निवांतपणे वावरू शकणार नाही. आमच्याकडे लोक बघतातच, त्यात कुणी टिपून घेतंय हे कळलं तर फार लागतं. कथा दाखवू नकोस हवं तर, पण "मी असं काहीतरी लिहितेय, तुम्हाला काही विचारलं तर चालेल का" एवढं बोल. आमच्यापैकी बऱ्याचजणी सेट, रेप्स, बार यावर तासभर बोलतील, कारण तेवढं मनापासून कुणी विचारतच नाही.

रेघोटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. पॉवरलिफ्टिंग ठरवलं. ताईंशी बोलणार, आणि तोवर त्यांच्यावरून घेतलेले दोन प्रसंग काढून ठेवलेत. एक विचारायचं राहिलं, कथेत ती तिशी उलटल्यावर सुरुवात करते आणि चारपाच महिन्यांत एकदम पिळदार होते असं चालेल का?

लोखंडवाली:
नाही चालणार. पहिल्या काही आठवड्यांत वजनं भराभर वाढतात पण ती बरीचशी मज्जासंस्था शिकते म्हणून, आरशात फारसं काही दिसत नाही. असं पिळदार व्हायला वर्षं जातात. चार महिन्यांत तिला ताकद दे, शरीर नंतर दे. मधल्या काळात ती आतून बदललीय आणि बाहेर कुणालाच कळत नाहीये, तिथे तुला लिहायला भरपूर आहे.