मदत हवी आहे: जुन्या रॅले सायकलचे ३ गिअर चढावर नीट कसे टाकायचे?

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची रॅले आमच्याकडे आलीये, ते कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात रोज हिच्यावर जायचे. मला ती शोभेला ठेवायची नाहीये, कोथरूड डेपो ते डेक्कन रोज चालवायचीये. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या) आतच गिअर आहेत, स्टर्मी आर्चरचे, हबवर एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव आणि ६२ कोरलंय म्हणजे १९६२ चा असणार.

जाताना उतार, काही त्रास नाही. येताना पौड रोडच्या चढाला दुसऱ्यावरून पहिला टाकायला जावं तर लिव्हर फिरते पण गिअर पडतच नाही, आणि जरा पाय हलका झाला की खाट्कन पडतो. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे कधीकधी पायडल एकदम मोकळं फिरतं, उभं राहून मारत असलो तर दांडीवर आपटायची वेळ येते, याची खरंच भीती वाटते.

दुकानात नेली की म्हणतात हे काढा, साधं चाक टाकून देतो. ते मला अजिबात करायचं नाही, तिन्ही गिअर चालू आहेत. गिअर टाकताना पायडल मारत राहायचं, थांबायचं की उलटं फिरवायचं? सिग्नलला उभं असताना टाकला तर चालतो का? आणि आत ग्रीस भरायचं की तेल? ज्यांनी अशी सायकल रोज चालवलीये त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:

हब कोणालाही काढू देऊ नका, उत्तम चीज आहे. आत खिट्या असतात, पायडलवर जोर असला की त्या अडकून बसतात आणि वायर कितीही ओढली तरी सुटत नाहीत, म्हणून चढावर तुमचा पहिला पडत नाही. लिव्हर फिरवताना क्षणभर पायातला जोर काढा, बस, उलटं फिरवायची गरज नाही. चढ लागायच्या आधीच टाका, दम लागल्यावर नको. सिग्नलला उभ्या उभ्या खुशाल टाका, डिरेलरवाल्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या) सायकलींना हे जमत नाही. पहिला पडला की नाही ते कानाला कळतं, दुसऱ्या-तिसऱ्यात पायडल मारताना टिकटिक येते, पहिल्यात बंद होते.

पायडल मोकळं फिरतं ते मात्र आधी बघा, तोपर्यंत उभं राहून मारू नका. बहुतेक वायर नीट लावलेली नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक जागा अशी आहे जिथे काहीच लागत नाही. लिव्हर मधल्या खाचेत ठेवा, मागच्या चाकाच्या उजव्या नटाला भोक असतं त्यातून बघा, गिअरच्या वायरची छोटी साखळी जिथे बारीक दांडीला जोडलीये ते टोक ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकाच्या बरोबर लेव्हलला आलं पाहिजे. वायरच्या टोकाच्या ॲडजस्टरने जमतं, नंतर त्याची छोटी चकती घट्ट करा. ॲक्सलचे खाचवाले वॉशर पण आहेत ना बघा, नसले तर ॲक्सल फिरतो आणि सगळं परत बिघडतं.

ग्रीस भरू नका, खिट्या चिकटतात. हबवर तेलाचं झाकण आहे त्यातून पातळ तेलाचे थेंब अधूनमधून सोडा.

पहिला गिअर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के हलका, तिसरा ३३ टक्के जड. तरी चढ जड वाटला तर मागचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चक्र) २२ दातांचं टाका, तिन्ही गिअर हलके होतील, चेनमधे एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील.