मदत हवी आहे: ऑफिस टाईमचा वाफा मधोमध टकला झालाय, आत्ता छाटू की पाऊस पडल्यावर?

नमस्कार मंडळी,

घर नागपुरात, वर्धा रोडच्या अंगाला. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी आहे. तिथे लॉन नको म्हणून मीच अडून बसले होते. इथल्या एप्रिल-मेमध्ये लॉनला पाणी पाजता पाजता माणूस वाळतो. त्याऐवजी ऑफिस टाईम (पोर्तुलाका, बारीक सुईसारख्या जाड पानांचं) लावलं. राणी रंग, पिवळा आणि एक डबल पाकळ्यांचा केशरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, इतकं भरलं होतं.

आता नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे आणि वाफ्याची रया गेली आहे. कडेने हिरवं, मधे नुसता मुरूम. एक फांदी उचलून पाहिली तर वीतभर लालसर काडी, पानं सगळी गळालेली, टोकाला दोन बोटं हिरवं आणि तिथेच एक कळी. काडीच्या पेरापेराशी पांढरे बारीक केसांचे झुबके दिसतात. हा मिलीबग तर नाही ना?

आमचे माळीभाऊ म्हणतात, "ताई, कैचीनं सपाट मारून देतो, पाणी पडलं का आपोआप येते." सासूबाईंचं म्हणणं, नवतप्यात झाडाला हात लावू नये. यूट्यूबवर विचारायची सोय नाही, तिथले सगळे पुण्या-बंगळूरच्या हवेत छाटतात.

तर कधी आणि किती कापू? कापलेल्या काड्या टाकवत नाहीत, त्यांचं काय करू? आणि कूलरच्या टाकीचं रोज उरणारं पाणी याच पट्टीत जातं, त्याने काही बिघडतंय का?

---

प्रतिसाद: सांदवाडीवाला

सासूबाई बरोबर आहेत, निदान या आठवड्यापुरत्या. वर पसरलेला पाला बुडाला सावली देतोय. तो एकदम काढला तर पंचेचाळीसच्या उन्हात तापलेल्या मुरमावर उघड्या काड्या भाजून निघतील. पण माळीभाऊंचं "पाणी पडलं का" हेही ऐकू नका. जुलैत झड लागली की ताज्या जखमांतून काड्या सडायला लागतात. खाली काळी माती असेल तर बघायलाच नको, ती दिवस दिवस ओल सोडत नाही.

आपल्याकडे मोका मिळतो तो मधल्या दिवसांत. मृगाच्या आसपास एक-दोन सरी येतात, उन्हाचा चटका मोडतो, पण पाऊस अजून बसलेला नसतो. मोसमी पाऊस नागपुरात जूनच्या मध्याच्या सुमारास येतो, त्याआधीची कोरडी संध्याकाळ धरा.

सपाट मात्र मारू नका. पूर्ण निष्पर्ण काडी फुटेलच असं नाही. प्रत्येक काडीवर थोडी तरी हिरवी पानं राहतील असं बघून निम्म्यापर्यंत आणा, बुडाशी दोन-तीन इंच ठेवा. मोठ्या कैचीने हे जमत नाही, ती काड्या चेंगरते. स्वयंपाकघरातली धारदार कात्री घ्या आणि बसून कापा. अर्धी पट्टी आधी, तिला फुटवे दिसले की उरलेली. म्हणजे अंगणही एकदम भुंडं दिसत नाही.

---

प्रतिसाद: गच्चीवरची_बाग

झुबक्यांची काळजी सोडा. बारीक पानांच्या पोर्तुलाकाला पेरांशी केस असतातच, ते झाडाचेच. मिलीबग असेल तर कापसाच्या बोळ्याने पुसला जातो, हाताला चिकट लागतो आणि आजूबाजूला मुंग्या फिरतात. तसा सापडला तर तेवढ्या काड्या कापून पिशवीत बांधून फेका, कलमाला वापरू नका.

बाकी काड्या अजिबात टाकू नका. तीन-चार इंचांचे तुकडे करा, खालची पानं आणि सगळ्या कळ्या खुडा (कळ्या खुडताना जीव जातो, मान्य), एक रात्र सावलीत सुकू द्या म्हणजे कापलेलं तोंड बंद होतं. मग त्याच टकल्या जागेत वाळू-मुरूम मिसळलेल्या मातीत खोचा. पहिल्या दिवशी पाणी नको, नंतर नुसतं शिंपडायचं. हवा उबदार असली की मुळं पटकन धरतात. तुमची डबल केशरी तर काडीवरूनच वाढवा, डबलच्या बिया कमी धरतात आणि रोप तसंच डबल निघेल याचा भरवसा नाही.

साध्या रंगांच्या बिया मात्र कापण्याआधी काढून ठेवा. बोंड पिवळसर वाळलं की वरची टोपी झाकणासारखी सुटते, आत राखाडी चकचकीत, मोहरीहून बारीक दाणे. खाली कागद धरा, वाऱ्यावर नको.

---

प्रतिसाद: सांदवाडीवाला

कूलरचं राहिलंच. टाकीतलं पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात, वर आपण रोज नवीन ओततो. म्हणजे तळाचं पाणी दिवसेंदिवस खारवटत जातं. बोअरचं असेल तर आणखीच. मातीवर पांढरी साय दिसते का बघा. दिसत असेल तर तो ओघ थांबवा आणि एकदा साध्या पाण्याने माती धुऊन निघू द्या. डासांसाठी टाकीत रॉकेल किंवा फिनाईल टाकत असाल तर ते पाणी कुठल्याच झाडाला नको.

आणि रोज पाणी हेही या झाडाला जास्तच आहे. माती बोटभर कोरडी झाली की द्या. लांबट काड्या, टोकालाच फुलं, हे उन्हाच्या कमतरतेनेही होतं. भिंतीची सावली किती वेळ असते?

---

धागाकर्ती

दोघांचे आभार. पांढरी साय आहे, आत्ताच बघून आले. पाणी बोअरचंच. रॉकेल टाकत नाही. पाइप मागच्या नाल्याकडे वळवला. सावली सकाळी नसते, दुपारी तीननंतर भिंत आड येते.

अजून एक. मधल्या उघड्या जागेत चपट्या पानांचं, लाल देठांचं, बारीक पिवळ्या फुलांचं काहीतरी आपोआप उगवलंय. तेही पोर्तुलाकाच का?

---

प्रतिसाद: गच्चीवरची_बाग

घोळ आहे ती, त्याच गोतातली. काड्या खोचण्याआधी मुळासकट उपटा, नाहीतर पावसात सगळी जागा खाईल. भाजीला न्यायची असेल तर देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण आहे, टाकून द्या. चीक नसला तरी कूलरच्या पाण्यावर वाढलेली मी तरी डाळीत घालणार नाही. दुपारी तीनपर्यंत ऊन म्हणजे भरपूर आहे, तुमचा प्रश्न पाण्याचाच दिसतोय. छाटल्यावर युरिया देऊ नका, नुसता पाला माजेल. मूठभर जुनं शेणखत पुरे.