426 किलोमीटरचा कालवा आधी, की गावचा तलाव आधी?

बांधीवाला, साकोली

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वैनगंगा–नळगंगा नदीजोडला मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला ओलांडून बुलडाण्याच्या नळगंगा धरणापर्यंत न्यायचं. लांबी 426 किलोमीटर, खर्च 87 हजार कोटींच्या वर, ओलिताचं लक्ष्य 3 लाख 71 हजार हेक्टर.

माझा या कामाला विरोध आहे, आणि तो क्रमाबद्दल आहे. ज्या गोसीखुर्दमधून पाणी उचलायचं, त्याचं भूमिपूजन 1988 साली झालं. मूळ अंदाज 372 कोटींचा. आकडा 18 हजार कोटींच्या पुढे कधीच गेला, तरी अडीच लाख हेक्टरचं लक्ष्य गाठलेलं नाही. धरणाला 33 दारं बसली, पाणी अडलं, गावं बुडाली, पण शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पाटचऱ्या कितीतरी ठिकाणी अर्धवटच आहेत. नहरीपासून, म्हणजे कालव्यापासून, हाकेच्या अंतरावरची धानाची बांधी कोरडी राहते.

याच पट्ट्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले तलाव, सहा हजारांच्या वर आहेत. कोहळी समाजानं ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी सनद चांद्याचे (चंद्रपूरचे) गोंड राजे देत, असं जुने लोक सांगतात. नवेगाव बांध त्यातलाच. वरच्या तलावाचा सलंग, म्हणजे जादा पाण्याची वाट, वाहिला की ते पाणी खालच्या तलावात येतं, तिथून पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. धानाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. रोवणी पावसावर निघते. धान पोटरीवर असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसानं दगा दिला, की एका पाण्यावाचून लोंबी पोचट राहते. ते एक पाणी द्यायलाच हे तलाव आहेत.

1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती कोणी टाकायची, पाणी सोडायचं तुडूम कोणी उघडायचं, याचा गावातला धनी गेला. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, पोटात अतिक्रमणं झाली. आधी हे तलाव नीट करून गावाच्या ताब्यात द्या, मग गोसीखुर्दच्या पाटचऱ्या पुऱ्या करा, आणि बुलडाण्याचं त्यानंतर बोलू.

पूर्णाकाठ, अकोला जिल्हा

भाऊ, "बुलडाण्याचं त्यानंतर" हे तुम्ही किती सहज लिहिलं! तुमच्याकडे बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे सातशे-आठशे, तोही खंड पाडत. मी खारपाणपट्ट्यातला आहे. इथं विहीर खोदली तरी पाणी खारट आणि बोअर मारली तरी खारट. ते पाणी कपाशीला दिलं तर जमीन चोपण होते, मग त्यात काहीच धड उगवत नाही. प्यायचं पाणीसुद्धा नळयोजनेतून लांबून येतं.

1984 च्या दांडेकर समितीनं विभागवार अनुशेष मोजला. सिंचनाचा अनुशेष शेवटपर्यंत कोणाकडे उरला? अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा. आम्हाला कोहळी मिळाले नाहीत आणि तलावही नाहीत. तुमच्याकडचं जुनं शहाणपण आमच्या मातीत लागू कसं करायचं ते सांगा, आणि नसेल सांगता येत तर आमच्या वाट्याच्या कालव्याला आडवे येऊ नका.

बांधीवाला, साकोली

तुमच्या खारट पाण्याचं दुःख मी नाकारत नाही. पण खारपाणपट्ट्यात शेततळ्यावर हरभरा काढणारे शेतकरी तुमच्याच भागात आहेत. पावसाचं गोडं पाणी जागेवर धरायचं आणि तुषार सिंचनानं द्यायचं. त्याला 426 किलोमीटर लागत नाहीत, आणि दोन पिढ्या वाट पाहावी लागत नाही.

पूर्णाकाठ, अकोला जिल्हा

शेततळं माझ्याही शेतात आहे. दोन-अडीच एकरांचा हरभरा एका पाण्यानं निघतो, ते खरं. ज्याच्याकडे एकूण तीनच एकर आहेत तो त्यातली जमीन तळ्यात घालेल का? आणि ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी तळ्यात काय राहणार?

निवृत्त शाखा अभियंता, चंद्रपूर जिल्हा

वरचा शेवटचा प्रश्न मालगुजारी तलावांनाही लागू होतो, म्हणून लिहितो. नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. तलावाचं पाणलोट म्हणजे आसपासचे दोन-चार नाले. गावात पाऊस दगावला की तलावही दगावतो. वैनगंगा मात्र मध्य प्रदेशात सिवनीकडून उगम पावून बालाघाटवरून येते. आपल्याकडे कोरडं असताना तिकडचा पाऊस गोसीखुर्दात जमा होऊ शकतो. मोठ्या धरणाचं हे बळ कुठलाही तलाव भरून काढू शकत नाही.

पण धाग्यात कोणी लिहिलं नाही ते असं, की गोसीखुर्दचा उजवा कालवा 99 किलोमीटर जाऊन असोलामेंढा तलावाला मिळतो. हा तलाव इंग्रजी अमदानीतला. त्याची उंची वाढवून, त्याच्या जुन्या वितरणाचा विस्तार करून पुढचं सिंचन आखलं आहे. धरण विरुद्ध तलाव असा वाद घालण्यापेक्षा कालव्याच्या टप्प्यात येणारा प्रत्येक गावतलाव कालव्यातून भरून द्या, ही मागणी करा. पाणी वर्षातून दोनदा तलावात सोडलं तरी पुढचं वाटप गाव करू शकतं. पाटचारी अर्धवट असण्याचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

ढिवरपोरगा, अर्जुनी मोरगाव

तुमी सगडे पाणी म्हंजे धान नाही तर कपाशी समजता जी. तऱ्यात, म्हंजे तलावात, मासोडी बी असते. आमची मच्छीमार संस्था तराव लीजवर घेते. शेतकऱ्यानं तुडूम पुरा उघडला, तर उन्हाड्यात मासोडी जगवायची कशी? आमच्या तालुक्यात ढिवरांनी काही तऱ्यांतली बेशरम हातानं उपटली, पाण्यातली देशी झाडं लावली, अन् कमी झालेले गावठी मासे परत वाढले. गाड काढाले जेसीबी येते तवा ती झाडं बी जाते, अन् तरा खाली कडईसारखा होते. सायब म्हंते काम झालं. आमाले कोणी विचारत नाही.

सुनीती, पवनी तालुका

ढिवर दादांचं म्हणणं कोणी ओलांडून जाऊ नये. आणि बांधीवाला भाऊंना मला सांगायचं आहे की मालगुजारी तलावांची आठवण सगळ्यांच्या घरात सारखी गोड नाही. माझ्या आज्यानं पाळीवर माती टाकली, पण तलावाखाली त्याची एक बांधीही नव्हती. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर चालायचा आणि जमीन कोणाकडे होती ते सगळ्यांना माहीत आहे. आज तुम्ही "गावाच्या ताब्यात द्या" म्हणता, म्हणजे पाळीजवळच्या पाच घरांच्या ताब्यात की भूमिहीनांसकट ग्रामसभेच्या?

मोठ्या धरणाचीही मी बाजू घेत नाही. आमच्या नात्यातली घरं गोसीखुर्दात गेली आणि पुनर्वसनाच्या गावठाणात त्यांच्या शेणखताला जागा नाही. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात उतरतं. ते शुद्ध न करता पुढे 426 किलोमीटर नेणार असाल, तर अकोल्याच्या भाऊंनीही त्याबद्दल आवाज उठवला पाहिजे.

बांधीवाला, साकोली

सुनीतीताई, ग्रामसभेच्याच. 2005 च्या कायद्यानं पाणीवापर संस्था होतात, पण त्यात सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक. भूमिहीन आणि ढिवर बाहेरच राहतात. म्हणून तलावापुरती वेगळी समिती हवी. त्यात मच्छीमार संस्थेला मत असावं, आणि तुडूमाखाली किती पाणी राखायचं ते पावसाळ्याआधी ठरावानं लिहून ठेवावं. गाळही पूर्ण तलावाचा एकदम काढू नये, पाणवनस्पतींचा भाग सोडून काढावा.

अभियंता साहेबांची मागणी मला पटते, एका अटीवर. कालव्याच्या अंदाजपत्रकातच त्या तलावांची पाळ, सलंग आणि तुडूम यांचा पैसा धरला पाहिजे. नाहीतर नहरीचं पाणी फुटक्या तलावात येऊन शिवाराबाहेर वाहून जाईल.

पूर्णाकाठ, अकोला जिल्हा

तलावांना पैसा द्या, माझी ना नाही. पण त्यासाठी आमचा कालवा थांबवायचा, हे मला आजही मान्य नाही. सांडपाण्याचा मुद्दा मात्र मी आमच्या शेतकरी गटात मांडणार आहे, कारण खारट पाण्याच्या जागी घाण पाणी आम्हालाही नको. अभियंता साहेब, एक सांगा. जोडकालव्याच्या वाटेवर आमच्याकडे तलाव नाहीत, मग आमच्या शेततळ्यांच्या गटाला कालव्यातून भरणं तांत्रिकदृष्ट्या जमतं का? जमत असेल तर आमच्या ग्रामसभेच्या ठरावात काय लिहावं लागेल?