अकिरा या जपानी अ‍ॅनिमेशन पिक्चरचा शेवट कळला का कोणाला?

भुसावळवाला: काल भरीत-पुरी हाणून अकिरा लावला, बाइकवाल्या सीनमधे जाम मजा आली पण शेवटी त्यातल्या तेत्सुओ नावाच्या पोराचं अंग फुगायला लागलं तिथून सगळं डोक्यावरून गेलं, त्याचा मांगा (जपानी कॉमिक) आधी वाचायला पाहिजे होता का?

केळीचं_पान: वाच भो. पिक्चर १९८८ चा न मांगा संपला १९९० मधे, म्हणजे लेखक-दिग्दर्शक ओतोमोनं स्वतःचीच गोष्ट पुरी व्हायच्या आधी पिक्चर काढला. ६ जाडे खंड, २००० च्या वर पानं, दोन तासात कसं मावणार? मांगात अकिरा नावाचा पोरगा स्वतः जिता आहे, पिक्चरमधे नुसत्या त्याच्या अवशेषांच्या बरण्या.

धुळेकर: मी म्हणतो आधी परत बघ, हेडफोन लावून. डायलॉग आधी रेकॉर्ड करून मग त्यावर ओठांची चित्रं काढलीत, जपानात तेव्हा उलटं चालायचं.

भुसावळवाला: रविवारी बघतो, लाइट राहिली तर.